औषध सापडलं, पण पोचलं कधी?

नवीन शतक सुरू होताना मेडिकल सायन्स कुठं होतं ते बघायचं तर 2000 सालचे जून-जुलै हे दोनच महिने बघा. 26 जूनला मानवी जिनोमचा, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचा, कच्चा आराखडा तयार झाल्याचं व्हाइट हाउसमधून जाहीर झालं, जगभर पहिल्या पानावर बातमी, आता आजारांचं मूळच हाताशी आलं असं वातावरण. आणि जेमतेम दोन आठवड्यांनी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली, तिथं एन्कोसी जॉन्सन नावाचा 11 वर्षांचा, जन्मापासून एचआयव्ही असलेला मुलगा हजारो लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की सरकारने एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांना एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध द्यावं, म्हणजे बाळांना लागण होणार नाही. पुढच्या जूनमध्ये तो गेला.

मला हे अजूनही पचत नाही, कारण औषध नव्हतं असं नाहीच! तीन औषधं एकत्र द्यायची ट्रीटमेंट 1996 पासून होती, श्रीमंत देशांत मरणाच्या दारातले पेशंट उठून कामाला लागले होते. पण वर्षाचा खर्च 10 ते 15 हजार डॉलर. त्याच परिषदेत एडविन कॅमेरून या न्यायाधीशांनी स्वतःला एचआयव्ही असल्याचं सांगत उघडपणे म्हटलं की मी जिवंत आहे कारण मला औषधं परवडतात.

मग फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीने तीच तीन औषधं वर्षाला 350 डॉलरला देऊ केली. हे जमलं कसं, तर तेव्हा भारतात औषध बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं, खुद्द औषधावर नाही, त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवता यायचं (2005 ला हा कायदा बदलला). तिकडे दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषधांचा रस्ता मोकळा करणाऱ्या कायद्याविरुद्ध 39 औषध कंपन्या तिथल्या सरकारला कोर्टात खेचून बसल्या होत्या, लोकांचा रेटा इतका वाढला की एप्रिलमध्ये केस मागे घ्यावी लागली. आज सुमारे 3 कोटी लोक ही ट्रीटमेंट घेतायत.

अर्थात स्वस्त झालं म्हणजे काम झालं असं नाही, गोळी रोज घ्यायची, जन्मभर, मधेमधे खंड पडला की व्हायरस औषधाला दाद देईनासा होतो. म्हणजे क्लिनिकमध्ये स्टॉक हवा, टेस्ट हवी, आणि पेशंट आला नाही तर का आला नाही म्हणून चौकशी करणारी नर्स हवी. टीबीचंही हेच. या माणसांच्या पगाराचे पैसे आटले की सगळं ढासळतं आणि 2025 मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्यावर कितीतरी ठिकाणी तेच झालं.

आता लेनाकापाविर आलंय, सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, लागण होऊच नये म्हणून. 2024 च्या दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या ट्रायलमध्ये ते घेणाऱ्या एकाही बाईला एचआयव्ही झाला नाही, एकीलाही नाही! अमेरिकेत किंमत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर. 120 गरीब देशांसाठी जेनेरिकचं, म्हणजे तेच औषध इतर कंपन्यांनी स्वस्तात बनवायचं, लायसन्स दिलंय, 2027 पासून वर्षाला 40 डॉलरमध्ये मिळेल असं ठरलंय, आणि याचा मला खरंच आनंद आहे. पण ब्राझील, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना त्या यादीत नाहीत. तिथल्या लोकांनी याच औषधाच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये भाग घेतला होता, त्यांच्यावर तपासून बघितलेलं औषध त्यांच्याच देशाला स्वस्तात नाही, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.