सात किलोंत तीन आठवडे

मुंबईहून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपला तीन आठवड्यांसाठी निघायचं आणि सामान फक्त केबिनमध्ये न्यायचं, असं ठरलं की सगळे आधी शर्ट मोजायला घेतात. मोजायला आधी रिकामी बॅग घ्यावी. चाकांची ट्रॉली अडीच-तीन किलो भरते. अनेक विमानकंपन्यांची केबिनची मर्यादा सात किलो आहे, म्हणजे त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वजन रिकामी ट्रॉलीच खाते. 35 ते 38 लिटरची पाठीवरची साधी सॅक एक-सव्वा किलोत येते. युरोपातल्या जुन्या गावांच्या दगडी रस्त्यांवर ट्रॉली तशीही उचलूनच न्यावी लागते.

कपड्यांचा हिशोब सहा दिवसांचा धरायचा, मग प्रवास तीन आठवड्यांचा असो की सहा. चार शर्ट, एक पँट, आतल्या कपड्यांचे पाच जोड, मोज्यांचे तीन आणि थर्मलचा एक जोड, असं सगळं मिळून दोन किलोंच्या आत बसतं. दुसरी पँट, जाकीट आणि बूट अंगावर. बुटांचा दुसरा जोड नको, हलकी चप्पल पुरे. जीन्स एकटीच सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि थंडीत दोन दिवस वाळत नाही, तिला घरीच ठेवावं.

खरी गोम धुण्यात आहे. कपडा हाताने पिळून टांगला की सकाळी तो कॉलरला, काखेत आणि शिवणींना ओलाच सापडतो. तसाच बॅगेत कोंबला की संध्याकाळपर्यंत कुबट वास सुटतो आणि इतर कपड्यांनाही लागतो. यावर आपला पंचा कामाला येतो. धुतलेला शर्ट साधा पिळून पंचावर सपाट पसरायचा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकवून अर्धा मिनिट भार द्यायचा. पाणी पंचात उतरतं. पंचा पिळून पुन्हा एकदा तेच. पॉलिएस्टर-मिश्र कापड मग रात्रीत वाळतं. जाड सुती टी-शर्ट तरीही दगा देतो. टर्किश टॉवेल यासाठी निरुपयोगी, तो स्वतःच वाळत नाही. तीन मीटर नायलॉनची दोरी दुहेरी पिळून बांधली तर कपड्याची टोकं पिळात अडकतात, चिमटे लागत नाहीत. साबण वडीचाच घ्यावा, तो द्रवात मोजत नाहीत.

द्रवाच्या नियमात सगळ्यात जास्त फसते ती टूथपेस्ट. 100 मिलिलिटरची मर्यादा डब्यावर छापलेल्या मापाला लागते, आत किती उरलंय त्याला नाही. अर्धी संपलेली 150 ची ट्यूब सुरक्षा तपासणीत काढून घेतली जायचीच. तेलातलं लोणचंही तिथेच अडकतं. तूप तर डबा लहान असला तरी नको, कारण भारतातून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. मेतकूट, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे असा किलोभर खाऊ मात्र न्यावा. पाकिटं सीलबंद आणि नाव लिहिलेली असली की तपासणीत प्रश्न कमी. सुपारीवाल्यांनी अडकित्ता घरीच ठेवावा.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा 100 वॉट-अवरची आहे आणि 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 च्या आसपास येते, म्हणजे चालते. पण तिच्यावर छापलेला आकडा पुसट झाला असेल तर ती काढून घेतली जाऊ शकते. औषधं मूळ पट्टीतच ठेवावीत, सोबत जेनेरिक नावांची डॉक्टरांची चिठ्ठी असावी.

एवढं करूनही गणित चुकतं ते युरोपातल्या युरोपात विमान बदलताना. तिथल्या कित्येक स्वस्त कंपन्यांच्या मूळ तिकिटात फक्त सीटखाली मावणारी पिशवी धरलेली असते. मुंबईच्या विमानतळावर चालून गेलेली सॅक तिथे गेटवर अडते आणि पैसे तिकिटापेक्षाही जास्त पडू शकतात. तिकीट काढतानाच मोठ्या केबिन बॅगेचे पैसे भरावेत, किंवा तो टप्पा रेल्वेने करावा. तिथे सामान सहसा कोणी तोलत नाही.

निघायच्या आदल्या रात्री हुकाच्या काट्यावर सॅक साडेसहाच्या वर गेली, तर आधी खाऊ कमी करा.