रॅम वाढवूनही आउटलुक का अडतं

१६ जीबी रॅमच्या मशीनवर आउटलुक ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणायला लागलं की पहिला सल्ला येतो तो आणखी रॅम टाकण्याचा. कॉन्टॅक्ट सांभाळणारी अ‍ॅड-इन्स (आउटलुकला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) लावलेली असतील, तर हे पैसे बहुधा पाण्यात जातात. कॉम पद्धतीचं (कॉम्प्युटरवरच बसवलेलं, जुन्या धाटणीचं) अ‍ॅड-इन आउटलुकच्याच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये) लोड होतं आणि त्याच्याच वाट्यातली मेमरी खातं. आउटलुक ३२-बिट असेल तर ६४-बिट विंडोजवरही हा वाटा फार तर ४ जीबी, जुन्या आवृत्त्यांत २ जीबी. मशीनमध्ये बाकी कितीही रॅम असो.

म्हणून आधी फाइल, ऑफिस अकाउंट, अबाउट आउटलुक इथे जाऊन बिट पाहा. ३२-बिट निघालं तर ६४-बिट बसवणं हा खरा उपाय. त्यासाठी सगळं ऑफिस काढून पुन्हा बसवावं लागतं, आणि फक्त ३२-बिटसाठी बनवलेलं अ‍ॅड-इन नंतर लोडच होत नाही. तेव्हा अ‍ॅड-इनवाल्यांना आधी विचारा.

आउटलुक ६४-बिटच असेल आणि तरीही अडत असेल, तर गळती शोधा, म्हणजे घेतलेली मेमरी परत कोण करत नाही ते पाहा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये ‘कमिट साइझ’ (प्रोग्रॅमनं राखून घेतलेली मेमरी) आणि ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (पडद्यावर चित्रं, अक्षरं काढायची साधनं) हे कॉलम लावा. दुसऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही, आणि चोर बऱ्याचदा तिथेच असतो. एका प्रोसेसला असे १०,००० ऑब्जेक्ट्स मिळतात. ते संपले की रॅम मोकळी असूनही मेमरी संपल्याचा संदेश येतो. दहा-वीस कॉन्टॅक्ट उघडून बंद करा. आकडा वर जाऊन खाली आला तर ठीक. चढतच राहिला तर अ‍ॅड-इन आपली बटणं, चित्रं परत करत नाहीये. कॅश्ड मोड (मेलबॉक्सची प्रत कॉम्प्युटरवर ठेवणारी सोय) बंद असेल तर आणखी एक कुंपण आहे: एक्स्चेंज सर्व्हर (मेलबॉक्स सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर) एका सेशनला मुळात २५० आयटमच एकाच वेळी उघडे ठेवू देतो. सगळे कॉन्टॅक्ट एकामागून एक वाचून न सोडणारं अ‍ॅड-इन तिथे हमखास आपटतं.

दोषी कोण हे ठरवायला कंट्रोल की दाबून धरून आउटलुक सुरू करा. सेफ मोडमध्ये अ‍ॅड-इन्स येत नाहीत. मग एकेक चालू करत जा. आउटलुक २०१३पासून संथ अ‍ॅड-इन आपोआप बंद होतं (५ वेळा सुरू करताना लागलेल्या वेळेचा मध्यक १ सेकंदाच्या वर गेला की), पण तिथे वेळ मोजला जातो, मेमरी नाही. झटकन सुरू होऊन दिवसभर गळणारं अ‍ॅड-इन त्यातून सहज सुटतं.

डिस्कची गोष्ट वेगळी. नुसत्या मजकुराचा कॉन्टॅक्ट काही केबींचा असतो. अ‍ॅड-इननं प्रत्येकाला ५० केबीचा फोटो चिकटवला की २०,००० कॉन्टॅक्टचे झाले १ जीबी, कारण फोटो अटॅचमेंट म्हणून साठतो. ओएसटी आणि पीएसटी फाइलची (आउटलुक आपला डेटा डिस्कवर ठेवतं त्या फाइल) मूळ मर्यादा ५० जीबी आहे. फोटो काढून टाकले तरी फाइल लगेच आकसत नाही. डेटा फाइलच्या सेटिंग्जमधलं ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ चालवावं लागतं.

काही अ‍ॅड-इन्स स्वतःचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा फुकट डेटाबेस) बसवतात. मायक्रोसॉफ्टचं जुनं बिझनेस कॉन्टॅक्ट मॅनेजर असंच चालायचं. २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबी मिळतात. लॉग फाइल त्यात मोजली जात नाही, पण डिस्क खातेच. मर्यादा भरली की जुनं वाचता येतं, नवी नोंद मात्र होत नाही. हे भरतं कॉन्टॅक्टमुळे नव्हे, तर ‘प्रत्येक मेल इतिहासात जोडा’ या पर्यायामुळे: अटॅचमेंट एकदा मेलबॉक्समध्ये, पुन्हा डेटाबेसमध्ये. तो पर्याय फक्त निवडक ग्राहकांपुरता ठेवा.

नव्या आउटलुकमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स चालतच नाहीत, फक्त वेब अ‍ॅड-इन्स. त्यांना मेलबॉक्समध्ये सेटिंग्ज ठेवायला ३२ केबीच मिळतात, म्हणजे मोठा डेटा बहुतेक ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. घेण्याआधी तिथली जागेची मर्यादा आणि फोटो, इतिहासासकट एक्स्पोर्ट मिळतं का, हे लेखी विचारून घ्या.