डिफरन्शियलच्या मागे बसणारी माणसं

ऑर्लँडोच्या करमणूक-उद्यानांवर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. ऊन, रांगा, पाण्याच्या बाटलीची किंमत. झालं. लिहायचंय ते फ्लोरिडातल्याच ओकालाजवळच्या ड्रॅग रेसिंग म्युझियमबद्दल. ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ, आखूड पट्ट्यावर उभ्या जागेवरून सुटायची शर्यत. ते आय-७५ महामार्गाला लागूनच आहे. भाचा म्हणाला, "मामा, तुमचं आयुष्य चासी शॉपमध्ये गेलं, हे बघाच." चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा.

हे म्युझियम फ्लोरिडाचाच रेसर डॉन गार्लिट्स याने उभं केलं. आत गाड्यांना गाड्या खेटून उभ्या. काहींना हा पसारा वाटेल, मला दाटीच आवडली, कारण वाकून जोड बघता येतात.

गार्लिट्सची १९५६ची 'स्वॉम्प रॅट १' बघताना मी तिथून हलेचना. खाली १९३१च्या शेव्हर्लेचे लाँग मेंबर, म्हणजे सांगाड्याचे दोन लांब दांडे, वर क्रायस्लरचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं) इंजिन, बाकी अंगावर जवळजवळ काहीच नाही. या गाडीने १९५७ मध्ये ब्रुक्सव्हिलला पाव मैलाच्या धावेत ताशी १७६.४० मैल वेग गाठला, तेव्हा स्वतःला या खेळाचे मालक समजणाऱ्या कॅलिफोर्नियावाल्यांनी फ्लोरिडाच्या घड्याळांवरच शंका घेतली!

पण मी बघत होतो ती सीट. ती मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आहे. या मांडणीला स्लिंगशॉट म्हणतात आणि तिचं श्रेय बहुतेक जण मिकी थॉम्पसन या रेसरला देतात, साल १९५४. इंजिनात ताकद होती, पण त्या वेळच्या टायरना पकड नव्हती. म्हणून इंजिन मागे सरकवलं आणि ड्रायव्हरचं वजनही मागच्या चाकांवर टाकलं. बिचारा बसणार कसा? डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, मांड्यांच्या मध्ये, गिअरबॉक्स आणि क्लच पायांशी, नाकासमोर इंजिन. तेल उडालं तर गॉगलवर, भडका उडाला तर अंगावर. आमच्या पिंपरीत फिरत्या शाफ्टवर गार्ड नसला तर सेफ्टीवाला लाइन बंद करायचा.

पुढे जुन्या मोटारींचे मेंबर गेले आणि नळ्यांच्या चासी आल्या. स्कॉटी फेन, केंट फुलर, वुडी गिल्मोर ही त्यातली मोठी नावं. क्रोम-मॉलीची (एका मजबूत मिश्र पोलादाची) नळी, एकीचं टोक दुसरीच्या गोलाईत चपखल बसेल असं कापलेलं. लांबी वाढत २०० इंचांच्या पुढे गेली. चासी थोडी लवू द्यायची, म्हणजे सुटताना मागच्या टायरांवर भार नीट येतो, हा विचार तर आमच्या खात्यात कुणी पटूच दिला नसता. आम्ही जन्मभर चासी लवू नये म्हणून झटलो.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या लायन्स या शर्यतीच्या पट्ट्यावर गार्लिट्सच्या गाडीचं ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) सुटतानाच फुटलं. गाडीचे दोन तुकडे झाले, उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. हॉस्पिटलातच त्याने इंजिन पाठीमागे असलेली गाडी आखायला घेतली. ही हकीकत सगळे सांगतात, तिथे आलेले म्हातारे रेसवेडेही तीच रंगवून सांगत होते. मला मात्र त्यात खटकतं ते हे की कल्पना नवी नव्हतीच. मागे इंजिनाच्या गाड्या आधीही बनल्या होत्या, गिल्मोरनेही १९६९च्या अखेरीस एक बांधली होती. अडायचं ते सरळ पळण्यावर. पुढे बसलेल्या माणसाला मागची चाकं घसरतायत हे उशिरा कळतं, मग तो दचकून स्टिअरिंग जास्त फिरवतो आणि गाडी भरकटते. गार्लिट्स आणि त्याच्या माणसांनी स्टिअरिंग मंद केलं, म्हणजे तेवढंच चाक वळवायला हात जास्त फिरवावा लागेल असं. गाडी सरळ धावू लागली. १९७१च्या पोमोनातल्या विंटरनॅशनल्स या मोठ्या स्पर्धेत 'स्वॉम्प रॅट १४' जिंकली, आणि दोनेक वर्षांत वरच्या वर्गातून स्लिंगशॉट जवळपास हद्दपार झाले. पावलाची गोष्ट सांगणाऱ्यांनी त्या स्टिअरिंग बॉक्सलाही एक वाक्य द्यायला काय हरकत आहे?

लहान मुलांना घेऊन मात्र इथे जाऊ नका. आमच्याबरोबरची दोघं पहिल्या रांगेतच "डिस्ने, डिस्ने" करत बसली, आणि जुन्या मोटारींची शेजारची इमारत माझी बघायची राहिली ती राहिलीच.