कमांड पाठवणे आणि स्थिती लिहून ठेवणे

सर्व्हरची संख्या वाढू लागली की व्यवस्थापकाच्या हाती सर्वांत आधी येते ती एक छोटी शेल स्क्रिप्ट: यंत्रांची नावे एका फाइलमध्ये, त्या नावांवरून फिरणारे एक लूप आणि लूपच्या आत एसएसएचने (दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने) पाठवलेली एखादी कमांड. तिच्यासाठी वेगळे पॅकेज लागत नाही, आणि सगळ्या यंत्रांवर डिस्क किती भरली आहे किंवा कर्नेलची कोणती आवृत्ती चालू आहे, असे प्रश्न विचारायला ती पुरेशी असते. विचारण्यासाठी मी स्वतः असे लूप आजही वापरतो. माझा आक्षेप आहे तो त्याच लूपने यंत्रांमध्ये बदल करण्याला, आणि तो का, हे एका अगदी नेहमीच्या कामावरून सांगतो.

समजा, सगळ्या लिनक्स सर्व्हरवर पासवर्डने होणारे लॉगिन बंद करायचे आहे. सरळ मार्ग असा दिसतो, की ‘पासवर्ड-ऑथेंटिकेशन नो’ ही ओळ प्रत्येक यंत्रावरच्या एसएसएचडी-कॉन्फिग (एसएसएचची मांडणी ठरवणाऱ्या) फाइलच्या शेवटी जोडावी आणि सर्व्हिस रीलोड करावी. लूप पूर्ण होते, कुठेही एरर येत नाही, फाइल उघडून पाहिली तर ओळ जागेवर असते. आणि तरीही काही यंत्रांवर पासवर्ड चालूच राहतो. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये एकाच पर्यायाच्या दोन नोंदी असतील तर पहिली ग्राह्य धरली जाते, शेवटची नव्हे. त्यामुळे ज्या यंत्रावर वर कुठेतरी ‘यस’ लिहिलेले होते तिथे आपली ओळ निरर्थक ठरली. उबुंटू आणि डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत या फाइलच्या सुरुवातीलाच एका वेगळ्या डिरेक्टरीतल्या फाइली वाचण्याची सूचना असते, आणि क्लाउडवर तयार झालेल्या यंत्रात त्याची पहिली मांडणी करणारा क्लाउड-इनिट हा प्रोग्राम तिथे स्वतःची फाइल ठेवून गेलेला असू शकतो. तसे असेल तर तिच्यातली नोंद आपल्या नोंदीच्या आधी वाचली जाते. तिसरा प्रकार आणखी फसवा आहे. फाइलच्या शेवटी विशिष्ट वापरकर्त्यासाठी लिहिलेला ‘मॅच’ विभाग असेल, तर शेवटी जोडलेली ओळ त्या विभागात जाऊन पडते आणि फक्त त्या वापरकर्त्याला लागू होते. कमांड एकच, पण यंत्रागणिक परिणाम वेगळा, आणि एक्झिट कोड मात्र सगळीकडे शून्य, म्हणजे ‘यशस्वी’.

यात दोन गोष्टींची भर घालावी लागते. लूप चालले तेव्हा जे यंत्र बंद होते ते या बदलाला कायमचे मुकले, कारण नंतर त्याची आठवण करून देणारे काहीच उरलेले नाही. आणि ती आठवण ठेवून कोणी लूप पुन्हा सगळीकडे चालवले, तर आधीच्या यंत्रांवर तीच ओळ दुसऱ्यांदा जोडली जाते. मुळात आपल्याला ओळ जोडायची नव्हतीच. आपल्याला हवी होती ती एक स्थिती: या यंत्रावर पासवर्डने प्रवेश मिळत नाही. ही स्थिती खरोखर आली आहे का, हे फाइल वाचून कळत नाही. एसएसएचडीला मोठ्या ‘टी’च्या पर्यायासह चालवले, की सर्व फाइली एकत्र वाचल्यावर प्रत्यक्षात कोणत्या नोंदी लागू आहेत याची यादी तो छापतो, आणि तपासायची ती ती यादी.

हा फरक तीस वर्षांपूर्वीच नेमका मांडला गेला होता. ऑस्लो विद्यापीठात काम करणाऱ्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन हे यंत्रांची मांडणी सांभाळणारे साधन लिहायला घेतले, तेव्हा निरनिराळ्या युनिक्स प्रणालींसाठी लिहिलेल्या आणि कोणालाच न उलगडणाऱ्या शेल स्क्रिप्टांचा गुंता हेच त्यांच्यापुढचे दुखणे होते. त्यांनी दिलेले उत्तर असे, की यंत्र कसे असावे एवढेच लिहावे. साधनाने प्रत्येक वेळी आहे त्या स्थितीची हव्या त्या स्थितीशी तुलना करावी, फरक असेल तेवढाच दुरुस्त करावा, आणि फरक नसेल तर कशालाही हात लावू नये. २००५ मध्ये ल्यूक केनीज यांचे पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये मायकल डीहान यांचे अँसिबल ही साधने आली. त्यांची भाषा आणि रचना वेगळी असली तरी या मूळ कल्पनेपासून त्यांपैकी कोणीही फारसे दूर गेलेले नाही.

मी अँसिबल वापरतो, आणि त्याचे मुख्य कारण असे, की ज्या यंत्रांची देखभाल करायची त्यांवर त्याचा कोणताही एजंट, म्हणजे सतत चालणारा प्रोग्राम, बसवावा लागत नाही. पपेटचा एजंट प्रत्येक यंत्रावर असतो आणि मूळ मांडणीनुसार दर तीस मिनिटांनी आपल्या सर्व्हरला नवी सूचना विचारतो. अँसिबल उलट दिशेने जाते: नियंत्रक यंत्रावरून ते एसएसएचने पलीकडे जोडले जाते, पायथनमध्ये लिहिलेले छोटे मॉड्यूल तिथे पाठवते, ते चालवते, त्याने जेसॉन या ठरावीक मजकूर-स्वरूपात दिलेले उत्तर वाचते आणि मॉड्यूल पुसून टाकते. इन्व्हेंटरीत यंत्रांची नावे आणि गट, प्लेबुकमध्ये यॅमलच्या भाषेत लिहिलेली टास्क, एवढी सामग्री सुरुवातीला पुरते. मूळ मांडणीत ते एका वेळी पाचच यंत्रांशी बोलते. ही संख्या वाढवता येते, आणि एसएसएचची एकदा उघडलेली जोडणी पुन्हा वापरल्यामुळे वेळही बराच वाचतो. पपेटच्या पद्धतीचा एक खरा फायदा मात्र मान्य केला पाहिजे: बंद असलेले यंत्र चालू झाले की ते स्वतःहून सूचना मागायला येते. अँसिबलमध्ये ते ‘अनरीचेबल’ म्हणून अहवालात दिसते, आणि पुढची जबाबदारी आपली असते.

त्या अहवालातला ‘चेंज्ड’ हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. प्लेबुक एकदा चालवून लगेच दुसऱ्यांदा चालवावे. दुसऱ्या वेळी प्रत्येक यंत्रासमोर तो आकडा शून्य आला पाहिजे. येत नसेल तर कुठल्या तरी टास्कमध्ये आपण स्थिती न लिहिता कमांडच लिहिलेली असते. ‘शेल’ आणि ‘कमांड’ ही मॉड्यूल इथे हमखास सापडतात, कारण आपण चालवलेल्या गोष्टीने काही बदलले की नाही हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही, आणि म्हणून ती दर वेळी बदल झाला असेच सांगतात. अशा टास्कला कोणती फाइल आधीपासून असेल तर काम टाळावे, किंवा कोणते उत्तर आले तर बदल मानावा, हे लिहून देता येते आणि ते दिलेच पाहिजे. हा काटेकोरपणा अनेकांना अनाठायी वाटतो. पण दर रात्री सात-आठ खोटे बदल दाखवणारा अहवाल चार दिवसांत कोणी वाचेनासे होते, आणि मग नवव्या, खऱ्या बदलाकडेही कानाडोळा होतो.

यंत्रायंत्रांतला फरक किती महाग पडू शकतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १ ऑगस्ट २०१२ चे आहे. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने ऑर्डर बाजारात पाठवणाऱ्या आपल्या आठ सर्व्हरवर नवा प्रोग्राम बसवला होता. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, तो सातच सर्व्हरवर कॉपी झाला आणि आठवा जुन्या प्रोग्रामवरच राहिला. नव्या प्रोग्रामने एक जुनाच फ्लॅग (चालू-बंद दर्शवणारी खूण) वेगळ्या अर्थाने वापरला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत त्या प्रणालीने चाळीस लाखांहून अधिक व्यवहार घडवले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्या आदेशातला मला सर्वांत बोचणारा भाग पुढचा आहे. गोंधळ सुरू असताना दुरुस्ती म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा प्रोग्राम काढला गेला, आणि त्यामुळे तेही आठव्यासारखेच वागू लागले. आठ यंत्रांपैकी कोणते वेगळे आहे हे त्या क्षणी समोर दिसत असते, तर दुरुस्ती नेमकी उलट दिशेने झाली असती. आठ ही संख्या हाताने सांभाळण्याइतकी लहान आहे, असे आपल्यापैकी अनेकांना आजही वाटते.

दुसरा धोका वेगाचा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवण सेवेच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात, बिलिंगशी संबंधित थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनुसारच कमांड चालवली. तिच्यात दिलेली एक नोंद चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले. परिणामी दोन महत्त्वाच्या उपप्रणाली पूर्णपणे नव्याने सुरू कराव्या लागल्या आणि असंख्य संकेतस्थळे काही तास अडून राहिली. त्यानंतर कंपनीने केलेला बदल अनुकरण करण्याजोगा आहे: ते साधन मुद्दाम संथ केले गेले, आणि किमान आवश्यक क्षमतेच्या खाली नेणारी कोणतीही कृती ते नाकारेल अशी अट त्यात घातली गेली. दोष माणसाच्या बोटांवर ढकलून ते थांबले नाहीत.

अँसिबलमध्ये हाच संथपणा ‘सीरियल’ या पर्यायाने आणता येतो. तो दिला नसेल तर प्लेबुकमधले पहिले टास्क सगळ्या यंत्रांवर होते, मग दुसरे सगळ्यांवर. म्हणजे नवी कॉन्फिग फाइल चुकीची असेल तर चूक लक्षात येईपर्यंत ती सर्वत्र पोहोचलेली असते. ‘सीरियल’ला आधी एक यंत्र, मग दहा टक्के, मग उरलेली सर्व, अशी चढती यादी देता येते. पहिल्या टप्प्यातले एकुलते एक यंत्र बिघडले तर पुढे काहीच जात नाही, पण मोठ्या टप्प्यांत तसे होत नाही. तिथे बिघडलेली यंत्रे वगळून गाडी पुढे चालू राहते, म्हणून किती टक्के अपयश आले की थांबायचे हे वेगळे लिहावे लागते. आणि ही टक्केवारी ओलांडली गेली पाहिजे, नुसती गाठली जाऊन चालत नाही. चार यंत्रांच्या टप्प्यात दोन बिघडल्यावर थांबायचे असेल तर पन्नास नव्हे, एकोणपन्नास लिहावे लागते. ज्या फाइलच्या चुकीने आपला स्वतःचाच प्रवेश बंद होऊ शकतो, म्हणजे एसएसएचडी किंवा सुडोची (प्रशासकाचे अधिकार कोणाला ते ठरवणारी) फाइल, ती जागेवर ठेवण्याआधी तपासून घेण्याची सोय फाइल तयार करणाऱ्या टेम्प्लेट मॉड्यूलमध्येच आहे, आणि ती न वापरण्याला मला कोणतेही सबळ कारण दिसत नाही.

हँडलरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नियम माहीत असूनही भले भले इथे अडतात. फाइल बदलली तरच सर्व्हिस रीस्टार्ट व्हावी म्हणून ते काम हँडलरकडे दिले जाते, आणि हँडलर मूळ मांडणीत टास्क संपल्यानंतर चालतात. आता फाइल बदलली, आणि त्यानंतरचे एखादे टास्क त्या यंत्रावर अयशस्वी झाले, तर त्या यंत्रावर हँडलर चालतच नाही. आपण चूक दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवतो. फाइल आता हवी तशीच असल्याने बदल होत नाही, हँडलरला निरोप जात नाही, अहवाल निर्दोष येतो, आणि सर्व्हिस मात्र जुन्याच कॉन्फिगवर आठवडेच्या आठवडे चालू राहते. अपयश आले तरी हँडलर चालवावेत असा पर्याय उपलब्ध आहे, किंवा टास्कच्या मध्येच हँडलर उरकून घेता येतात. मी दुसरा मार्ग पसंत करतो, आणि त्याच्या लगेच पुढे सर्व्हिस खरोखर उत्तर देते आहे का हे विचारणारे एक टास्क लिहितो.

नियंत्रक यंत्राच्या सुरक्षिततेकडे मात्र दुर्लक्ष फार होते. ज्या यंत्रावरून सर्वत्र जाता येते, त्याचा ताबा गेला म्हणजे सर्वच गेले. सॉल्टच्या मास्टरमध्ये, म्हणजे नियंत्रक प्रोग्राममध्ये, ओळख न तपासताच कमांड स्वीकारल्या जाण्याचा दोष सापडल्यावर एप्रिल २०२० च्या अखेरीस दुरुस्त आवृत्त्या आल्या, आणि पुढच्या काही दिवसांतच लिनिएजओएस ही मोबाइल प्रणाली बनवणारा प्रकल्प व घोस्ट हा ब्लॉग-मंच यांच्या प्रणालींमध्ये त्याच दोषातून घुसखोरी झाली. मास्टर इंटरनेटवरून थेट पोहोचण्याजोगा ठेवणे, हे त्या हल्ल्यांना मिळालेले मोठे बळ होते. अँसिबलचा मास्टर म्हणून कोणताही पोर्ट उघडा नसतो, पण नियंत्रक यंत्रावर पडून असलेली, सांकेतिक शब्दाविना वापरता येणारी खासगी किल्ली हा त्याच तोडीचा धोका आहे. गुप्त माहिती अँसिबलच्या व्हॉल्ट या सोयीने कूटबद्ध ठेवावी हे सगळे सांगतात; तीच माहिती चेक मोडच्या (काहीही न बदलता नुसते तपासण्याच्या पद्धतीच्या) फरकाच्या अहवालात किंवा लॉगमध्ये उघडपणे छापली जाऊ शकते, आणि म्हणून त्या टास्कला ‘नो-लॉग’ लावावे लागते, हे फार कमी जण सांगतात.

राहिला तो प्रश्न रात्री घाईने लॉगिन करून हाताने केलेल्या दुरुस्तीचा. तिला मनाई करावी या मताचा मी नाही. सेवा बंद पडलेली असताना आधी ती सुरू करणे हेच योग्य असते. फक्त तो बदल दुसऱ्या दिवशी गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातल्या प्लेबुकमध्ये आला पाहिजे, आणि आला नाही तर ते दिसले पाहिजे. त्यासाठी रोज पहाटे तीच प्लेबुके चेक मोडमध्ये, फरक दाखवण्याच्या पर्यायासह चालवावीत. काहीही न बदलता, कोणत्या यंत्रावर कोणती ओळ लेखी वर्णनापेक्षा वेगळी आहे ते त्यातून समजते. चेक मोडमध्ये शेलची टास्क बहुतेक वेळा वगळली जातात, त्यामुळे जितकी ती अधिक तितका हा अहवाल आंधळा. शिवाय ज्या फाइलीबद्दल प्लेबुकमध्ये काहीच लिहिलेले नाही, तिच्यातला फरकही त्याला दिसत नाही. ती उणीव भरून काढायला मला एकच मार्ग माहीत आहे: अधूनमधून एक कोरे यंत्र घ्यायचे, केवळ प्लेबुकांवरून ते उभे करायचे आणि चालू यंत्राशी ताडून पाहायचे. त्यात सापडतात त्या गोष्टी बहुधा ठरलेल्याच असतात: एखाद्या वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधली (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीतली) ओळ, फायरवॉलचा हाताने टाकलेला नियम, वेगळा टाइमझोन, आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाल्यावर वेब सर्व्हर रीलोड करणारी ती लहानशी स्क्रिप्ट, जिची गरज अधूनमधूनच पडते.