आमची वाटचाल : खोक्यावरच्या टक्क्यापासून सरड्याच्या पाठीपर्यंत

पाळलेल्या सरड्यांना, कासवांना आणि सापांना योग्य यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे मध्यम लांबीचे अतिनील किरण देणारा) निवडून देणं आणि तो मोजून देणं, एवढंच आमच्या फर्मचं काम. सुरुवातीला आम्ही खोक्यावरच्या टक्क्यावर विसंबून होतो. वाळवंटी प्राण्याला दहा टक्क्यांचा दिवा, जंगलातल्याला पाच टक्क्यांचा. ही पद्धत चुकीची होती. टक्का फक्त दिव्याच्या उत्सर्जनात यूव्हीबीचा वाटा किती ते सांगतो, प्राण्यापर्यंत किती पोचतं ते सांगत नाही. दहा टक्क्यांची जुनी, जाड टी-८ ट्यूब आणि दहा टक्क्यांची बारीक पण जास्त ताकदीची टी-५ एचओ (हाय आउटपुट) ट्यूब एकाच अंतरावर धरली, तर टी-५ कितीतरी जास्त यूव्हीबी देते.

पुढे मीटर आला, पण तोही आधी अपुराच होता. मायक्रोवॉटमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एककात मोजणारा मीटर सगळ्या यूव्हीबीची एकत्र बेरीज करतो. कातडीतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलपासून डी३ जीवनसत्त्व बनायला मात्र साधारण २९५ ते ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण सर्वात उपयोगी पडतात. त्यामुळे दोन दिव्यांचा मायक्रोवॉट आकडा सारखा असूनही परिणाम वेगळा असू शकतो. २९० नॅनोमीटरच्या खालचे किरण सोडणारा दिवा तर सरळ बाद, कारण त्याने डोळे सुजून मिटतात. म्हणून आता आम्ही यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांचा जैविक परिणाम किती, ते सांगणारा आकडा) दाखवणारा सोलरमीटर ६.५ हा मीटर वापरतो, आणि नवीन मॉडेल घेण्याआधी उत्पादकाकडून वर्णपटाचा, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचे किरण किती ते दाखवणारा आलेख मागतो. यूव्हीबी एलईडीच्या बाबतीत तर आलेखाशिवाय पुढे जातच नाही, कारण त्यांचा प्रकाश अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो.

किती निर्देशांक हवा, याला आधार आहे तो गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या, कमी यूव्हीबी घेणाऱ्यांपासून जास्त घेणाऱ्यांपर्यंतच्या चार विभागांचा. रानातले सरडे आणि साप स्वतःहून किती यूव्हीबी घेतात, हे मोजून ते ठरवले गेले. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा तिसऱ्या विभागातला. त्याच्या ऊन खायच्या जागी आम्ही ३ ते ५ निर्देशांक धरतो. लेपर्ड गेको पहिल्या विभागातला, त्याला १ च्या आसपास पुरे.

नवी ट्यूब आधी १०० तास जाळतो. कोरी ट्यूब सुरुवातीला जास्त देते आणि मग स्थिरावते, त्यामुळे पहिल्या दिवसाचा आकडा फसवा असतो. मोजणीच्या दिवशी ती अर्धा तास चालू ठेवतो, खोलीचं तापमान आणि व्होल्टेज लिहून ठेवतो, कारण दोन्हींनी आकडा हलतो. मग ट्यूबच्या पृष्ठभागापासून २०, ३०, ४० आणि ५० सेंटीमीटरवर वाचन. डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा हवाच. शेवटी प्राण्याच्या पेटीत १० सेंटीमीटरचे चौकोन धरून आडवी मोजणी. अंतर नेहमी प्राण्याच्या पाठीपर्यंत धरायचं, जमिनीपर्यंत नाही! ओंडक्यावर चढून बसलेल्या सरड्याची पाठ दिव्याच्या बरीच जवळ येते, आणि चूक बहुतेक वेळा इथेच होते.

पेटीच्या झाकणावरच्या जाळीचा हिशोब वेगळा. समजा जाळीविना ६ आणि जाळीखाली ४ आलं, तर जाळी एक तृतीयांश खाते. बारीक विणीची जाळी याहूनही जास्त खाते, आणि साधी काच तर यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते. ट्यूबमागे परावर्तक (प्रकाश खाली वळवणारा चकचकीत पत्रा) लावल्यावर खालचा आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो, म्हणून तो लावूनच मोजावं. नंतर बसवला तर आधीची सगळी वाचनं रद्द.

ट्यूब पेटते पण यूव्हीबी येत नाही, अशी तक्रार आली की आम्ही आधी बॅलास्ट (ट्यूबला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) बघतो. टी-५ एचओला तिच्याच वॉटचा इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट लागतो. चुकीच्या बॅलास्टवर ती डोळ्यांना उजळ दिसते, पण कमी ताकदीने चालते. जुन्या ट्यूबचंही तसंच, उजेड टिकतो आणि यूव्हीबी आटतं. म्हणून दर ३ महिन्यांनी मोजायचं, आणि सुरक्षित अंतरावरही गरजेचा आकडा येईना की बदलायची. मर्क्युरी व्हेपर (पाऱ्याच्या वाफेच्या) दिव्यांत एकाच मॉडेलच्या दोन नगांतही बराच फरक पडतो, त्यामुळे तिथे प्रत्येक नग स्वतंत्र मोजावा लागतो. हे दिवे डिमरला जोडू नयेत, आणि विजेचा झटका बसून विझले तर थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाहीत.

बसवताना दिवा वरून खाली. बाजूने लावला तर भुवईच्या उंचवट्याची सावली डोळ्याला मिळत नाही. ऊब देणारा दिवा त्याच जागेवर हवा, कारण कातडीत तयार झालेल्या पूर्वरूपाचं डी३ व्हायला उष्णता लागते. डी३ नसेल तर आहारातला कॅल्शियम पुरेसा शोषला जात नाही, मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं.

पेटीच्या दुसऱ्या टोकाला, लपायच्या जागी, मीटरने शून्य दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर तिथे झाडाच्या सालीचा एक जाड तुकडा आडवा टेकवून आम्ही पुन्हा मोजतो.