एकच रस्ता, तीन मापांची चाके

स्कूटर आणि मोटरसायकल यांच्यातला खरा फरक इंजिनात आहे, बैठकीत आहे की चाकात, हे एकाच रस्त्यावर पडताळून पाहावे या हेतूने आम्ही तिघांनी हा प्रवास आखला. पुढे १२ आणि मागे १० इंची चाकांची एक स्कूटर, दोन्हीकडे १६ इंची चाके असलेली दुसरी स्कूटर आणि १७ इंची चाकांची मोटरसायकल अशा तीन गाड्या घेतल्या आणि प्रत्येक टप्प्यावर त्या आपसांत बदलल्या. मधली स्कूटर मुद्दाम घेतली होती. ती नसती तर जे जे जाणवले ते सगळे चाकांच्याच खात्यावर मांडले गेले असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे इंच रिमच्या व्यासाचे असतात, रस्त्याला टेकणाऱ्या टायरच्या नव्हे. ९०/९०-१२ मापाच्या (म्हणजे ९० मिलिमीटर रुंद, रुंदीच्या ९० टक्के उंच आणि १२ इंची रिमच्या) टायरसह चाकाचा व्यास सुमारे ४६७ मिलिमीटर भरतो, तर १००/८०-१७ चा सुमारे ५९२. म्हणजे एका किलोमीटरमागे लहान चाक सुमारे ६८० फेरे घेते आणि मोठे सुमारे ५४०. लहान चाकाचा टायर लवकर झिजतो, यामागचे हे एक साधे कारण आहे.

शहरातून बाहेर पडेपर्यंत छोट्या चाकांची स्कूटर तिघांत सर्वांत सुखाची वाटली. हँडल नुसते सुचवावे आणि गाडीने वळावे, इतकी ती तत्पर असते. महामार्गावर वेग वाढल्यावर मात्र तीच तत्परता चंचलपणा वाटू लागते. लहान चाक अधिक वेगाने फिरत असले तरी ते हलके असते आणि त्याचे वजन आसाच्या जवळ असते. त्यामुळे फिरत्या चाकाला स्वतःची दिशा टिकवण्याची जी ओढ असते, ती त्यात कमी पडते. शिवाय फोर्कचा, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दांड्यांचा, कल तोच ठेवून चाक लहान केले की हँडलला आपोआप सरळ आणणारे अंतर, ज्याला ट्रेल म्हणतात (हँडल ज्या आसाभोवती वळते तो जमिनीला जिथे मिळेल तिथपासून चाक टेकते तिथपर्यंतचे), तेही घटते. मोठ्या ट्रकच्या बाजूने जाताना १६ इंची स्कूटरचे हँडल स्पष्टपणे अधिक स्थिर राहिले. तरीही आडव्या वाऱ्याने तीही मोटरसायकलपेक्षा जास्त ढकलली गेली, कारण पायांपुढचा रुंद पत्रा आणि मागच्या चाकाकडे झुकलेले वजन दोन्ही स्कूटरमध्ये सारखेच होते. अशा रस्त्यावर हँडल घट्ट आवळू नये. खांदे सैल ठेवून वेग थोडा कमी करावा आणि अवजड वाहनापासून बाजूचे अंतर वाढवावे.

या प्रवासाचे सार खराब रस्त्याच्या टप्प्यात होते. ३० सेंटिमीटर लांबीच्या खड्ड्यावरून सावकाश जाताना १२ इंची चाक सुमारे ५५ मिलिमीटर खाली उतरते, १६ इंची सुमारे ४३ आणि १७ इंची सुमारे ४१. वेगात गेल्यास चाक तेवढे खाली पोहोचत नाही, परंतु पलीकडची कड लहान चाकाला अधिक उभ्या बाजूने भिडते आणि धक्क्याचा मोठा भाग गाडीला वर उचलण्याऐवजी मागे रेटतो. हा फरक मनगटांना लगेच कळतो. आकडे पाहता १६ इंची स्कूटर येथे मोटरसायकलची बरोबरी करायला हवी होती आणि पुढच्या चाकापुरती ती तिने केलीही. मागचा हादरा मात्र उरलाच. बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्ये इंजिन आणि गिअरची पेटी मागच्या चाकासोबतच वरखाली हलतात, तर मोटरसायकलचे इंजिन सांगाड्यात पक्के बसवलेले असते. खड्ड्यातून उसळताना स्कूटरच्या शॉकअबला हे सारे वजन आवरावे लागते आणि कोणत्याही मापाचे चाक त्यावर पूर्ण उपाय ठरत नाही.

म्हणून स्कूटरस्वाराने ब्रेक खड्ड्याच्या आधी लावावा आणि चाक कडेशी पोहोचण्यापूर्वी सोडावा. ब्रेक दाबलेला राहिला तर पुढचा शॉकअब आधीच दबलेला असतो आणि धक्का झेलायला जागा उरत नाही. एकत्र प्रवासात सर्वांत लहान चाकाची गाडी पुढे ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. मोटरसायकल ज्यावरून सहज निघून जाते, तेच मागून येणाऱ्या स्कूटरला महागात पडू शकते.

घाटाच्या चढावर छोट्या स्कूटरने नागमोडी वळणे फार सुंदर घेतली. वळणाच्या मध्येच उंचवटा आला की मात्र तिची रेषा ढळते आणि गुडघ्यांनी आवळायला टाकी नसल्यामुळे शरीर सावरण्याचा भार हातांवर येतो. वेग वळणाआधीच उतरवावा, म्हणजे मध्ये काही दुरुस्त करावे लागत नाही. उतारावर दुसरी मर्यादा समोर येते: १२ इंची रिममध्ये साधारण १९० ते २२० मिलिमीटरचीच ब्रेकची डिस्क मावते, म्हणून ती लवकर तापते. ऑटोमॅटिक स्कूटरचा वेग फार उतरला की क्लच सुटतो आणि इंजिनाचा रोध नाहीसा होतो. किंचित रेस देऊन तो पुन्हा जोडून घेता येतो. दोन्ही ब्रेक थोडा थोडा वेळ दाबून सोडावेत आणि लीव्हर मऊ लागू लागल्यास थांबून ते निवू द्यावेत.

खडीवर चालत्या माणसाच्या वेगाने, हँडल सरळ ठेवून आणि पुढच्या ब्रेकला न शिवता जावे.

लहान चाकाला केवळ उणीव मानणे मला अन्यायाचे वाटते. १९४६ मध्ये पियाजिओ या इटालियन कंपनीने आणलेल्या पहिल्या व्हेस्पा स्कूटरला ८ इंची चाके होती. विमान अभियंता कोर्रादिनो दास्कानियो यांनी पुढचे चाक एकाच बाजूने धरणारी रचना केली, त्यामुळे ते झटकन बदलता येत असे. पाय ठेवायची सपाट जागा, सीटखालची डिकी आणि कमी उंचीची बैठक हे सर्व लहान चाकामुळे सोपे होते. आमच्या १६ इंची स्कूटरमध्ये हेल्मेट ठेवल्यावर डिकीत फारसे काही मावत नव्हते.

सामान बांधताना जड वस्तू मागच्या कॅरिअरवर लादू नयेत. त्याने आधीच हलके असलेले पुढचे चाक आणखी हलके होते. पाय आणि हँडल मोकळे राहतील अशा बेताने त्या पुढे, पायांजवळ ठेवाव्यात. हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा, कारण दाब कमी असेल तर खड्ड्यात रिम वाकू शकते. लांबच्या प्रवासापूर्वी मागच्या १० इंची टायरची नक्षी विशेष निरखावी, कारण जास्त वजन आणि जास्त फेरे दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात.