आमची वाटचाल : पट्ट्यावरचा पंखा, वायरीवरचा पंखा

ट्रकच्या रेडिएटरमागचा पंखा हा आमचा धंदा. सुरुवात फॅन क्लचच्या, म्हणजे पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जोडणाऱ्या आणि सैल सोडणाऱ्या भागाच्या, दुरुस्तीपासून झाली. रेडिएटर खोलून साफ करून देणारे भरपूर होते, पण इंजिन तापतंय म्हटल्यावर क्लचकडे कुणी बघत नसे. थर्मोस्टॅट बदला, वॉटर पंप बदला, शेवटी हेड गॅस्केटपर्यंत मजल जायची. आमच्याकडे गाड्या यायच्या त्या हे सगळं करून झाल्यावर, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच वैतागलेलं असायचं.

व्हिस्कस क्लच, म्हणजे घट्ट तेलावर चालणारा फॅन क्लच, बाहेरून साधा दिसतो. आत एकात एक बसणाऱ्या गोल खाचांच्या तबकड्या असतात आणि त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन ऑइल. पुढच्या तोंडावर बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेली, गुंडाळी किंवा पट्टी असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती वळते, आतला व्हॉल्व्ह उघडते, ऑइल खाचांत शिरतं आणि पंखा इंजिनाच्या वेगाला धरून फिरायला लागतो. हवा गार झाली की ऑइल परत साठ्यात जातं आणि पंखा सैल होतो. म्हणजे हा क्लच पाण्याचं तापमान बघतच नाही, रेडिएटरमागची हवा बघतो. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये चिखल, भुसा, किडे अडकून हवा येणंच बंद झालं तर पाणी उकळत असतानाही क्लच गारच राहतो. यात क्लचचा काय दोष?

सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की पंखा विमानासारखा घोंगावतो, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी तक्रार. रात्रभर गाडी उभी असताना ऑइल खाचांमध्ये उतरलेलं असतं, ते बाहेर फेकलं जाईपर्यंत तसं होणारच. मिनिट-दोन मिनिटांत आवाज बसला तर क्लच ठीक. दिवसभर घोंगावत असेल किंवा दुपारी चढावरही गप्प असेल, तर तो टेबलावर घ्यायचा. बेअरिंगचा ढिलेपणा, तोंडावर धूळ चिकटलेला ऑइलचा ओघळ, आणि इंजिन बंद करून हाताने फिरवल्यावर लागणारा अडथळा, या तीन गोष्टी मिस्त्री बघतात. हाताने हलकं ढकलल्यावर पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला तर आत ऑइल उरलेलं नाही, हे नक्की.

मग इलेक्ट्रिक पंख्याची लाट आली. कारमध्ये रेडिएटरला मोटरचा पंखा असतो, तो गरज असेल तेव्हाच चालतो आणि डिझेल वाचवतो, मग ट्रकला का नको? प्रश्न रास्तच होता. लांब पल्ल्याच्या महामार्गावर समोरून येणारी हवाच बहुतेक काम करते. अशा ट्रकचा पंखा पूर्ण जोडलेला असतो तो एकूण वेळेच्या साधारण दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. मग उरलेला वेळ त्याला पट्ट्यावर का बांधून ठेवायचं?

उत्तर आम्ही वर्कशॉपच्या फळ्यावर लिहून ठेवलं आणि ते अजून पुसलेलं नाही. जड ट्रकचा पंखा पूर्ण वेगात असताना २० ते ३० किलोवॅट सहज खातो, काही ठिकाणी त्याहून जास्त. चोवीस व्होल्टच्या गाडीत चार्जिंग २८ व्होल्टच्या आसपास असतं. १०० अँपिअरचा अल्टरनेटर धरला तर सगळे मिळून २.८ किलोवॅट, त्यातूनच दिवे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), बॅटरी, सगळं चालवायचं. २५ किलोवॅटची मोटर २८ व्होल्टवर चालवायची तर ९०० अँपिअरच्या आसपास करंट लागेल. एवढा करंट वाहून नेणारी केबल चेसिसवरून फिरवायची म्हणजे वेगळंच प्रकरण. शिवाय पट्ट्यावर पंखा थेट फिरतो. इलेक्ट्रिकमध्ये आधी अल्टरनेटर, मग वायर, मग मोटर, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. इंजिनाच्या क्रँकवरून घेतलेल्या ताकदीतली निम्म्याच्या आसपासच पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचते.

म्हणून जड मालवाहू ट्रकला मुख्य पंखा इलेक्ट्रिक लावायची कामं आम्ही घेतली नाहीत. हिशोब धाकटा भाऊ बघतो. तो चिडायचा. "दादा, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं असेल तर शटर उघडायचंच कशाला?" त्याचंही खोटं नव्हतं, त्या काळात गल्ला हलकाच असायचा. पण फुल लोडवर चढाला लागलेली गाडी मध्येच उकळली तर ती आमच्याच नावावर येणार होती.

त्याच काळात एक गोष्ट ध्यानात आली, जिच्याकडे या वादात फारसं कुणी बघत नाही. मेकॅनिकल पंखा इंजिनावर बसतो आणि रेडिएटर चेसिसवर. इंजिन रबर माउंटिंगवर डोलतं, त्यामुळे पात्याची टोकं आणि श्राऊड (पंख्याभोवतीचं आवरण) यांच्यामध्ये २० ते २५ मिलिमीटर जागा सोडावी लागते. त्या फटीतून हवा उलटी फिरते आणि पंख्याची मेहनत तिथेच जिरते. इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्याच चौकटीवर असतो, म्हणून फट अगदी थोडी ठेवता येते आणि तेवढीच हवा कमी ताकदीत मिळते. माझ्या मते इलेक्ट्रिक पंख्याचा खरा गुण हा आहे. तो बघूनच आम्ही मेकॅनिकल पंख्यांच्या श्राऊडकडे वळलो. फाटलेले, वाकलेले, एका बाजूला घासलेले आणि अपघातानंतर लावलेच नाहीत असे श्राऊड आम्ही नीट बसवून द्यायला लागलो. पाती श्राऊडमध्ये निम्मी ते दोन तृतीयांश बुडालेली हवीत. तेवढ्यानेच तापायचं थांबलं अशा गाड्या पुष्कळ निघाल्या.

इलेक्ट्रिकचं काम आम्ही केलं ते हलक्या मालगाड्यांवर, बारा व्होल्टवर. तिथे काही शे वॅटच्या मोटरवर भागतं. रहदारीत एसी चालू ठेवून उभ्या गाडीला तर ती वरदानच, कारण पट्ट्यावरचा पंखा आयडलवर जेमतेम हवा ओढतो. या कामात मोटरपेक्षा वायरिंगनेच जास्त दमवलं. मोटर सुरू होताना करंट कित्येक पट उसळतो. बारीक वायर, ढिला क्रिंप, पाणी शिरलेला कनेक्टर यांपैकी काहीही असलं तरी मोटरपर्यंत पुरता व्होल्टेज पोचत नाही. दोन वायरी उलट जोडल्या तर ब्रशची मोटर उलटी फिरते, पंखा चाललेला दिसतो आणि गाडी तापतच राहते. म्हणून गाडी देण्याआधी जाळीसमोर कागद धरायचाच. तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे.

धंद्याला खरं वळण दिलं ते इलेक्ट्रॉनिक व्हिस्कस क्लचने. पंखा पट्ट्यावरच, पण बायमेटलच्या जागी सोलेनॉइड (विजेवर व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल), आणि हुकूम ईसीयूचा. पाणी किती तापलं, टर्बोतून येणारी हवा किती गरम आहे, एसीचा दाब किती, रिटार्डर (उतारावर वेग आवरणारा जादा ब्रेक) चालू आहे का, हे सगळं बघून तो पंख्याचा वेग ठरवतो. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग निम्मा केला की ताकद एक अष्टमांश. नुसतं चालू-बंद करण्यापेक्षा वेग जेवढ्यास तेवढा ठेवण्यात फायदा आहे तो यामुळेच. या क्लचची वायर तुटली तर बहुतेक प्रकारांत पंखा पूर्ण जोडलेलाच राहतो, इंजिन वाचावं म्हणून. ड्रायव्हर येतो तो मात्र "पिकअप गेला, डिझेल जास्त खाते" म्हणत. स्कॅनर लावल्याशिवाय पाना उचलायचा नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

आता बॅटरीवरचे ट्रक यायला लागलेत. तिथे पट्टाच नाही, त्यामुळे वाद मिटला असं लोकांना वाटतं. बॅटरीचं पाणी मात्र डिझेल इंजिनासारखं नव्वद अंशांवर चालत नाही, ते पंचवीस-तीसच्या आसपास ठेवावं लागतं. बाहेरची हवाच तेवढी गरम असेल तर नुसत्या रेडिएटरने भागत नाही, चिलर, म्हणजे एसीसारखं पाणी गार करणारं यंत्र, लागतो, आणि त्याच्या कंडेन्सरला पुन्हा पंखा हवाच. फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवून चालणाऱ्या, ट्रकला तर गार करायला हवा भरपूर लागते. तिथे शेकडो व्होल्टची लाइन असते, म्हणून आमच्या फळ्यावरचं ९०० अँपिअरचं गणित लागू होत नाही आणि मोठ्या ब्रशलेस मोटरी चालतात. त्या व्होल्टेजला हात लावायचा म्हणजे वेगळं प्रशिक्षण, वेगळे हातमोजे, वेगळा कोपरा. धाकट्याने प्रशिक्षणाला दोन पोरं पाठवली आहेत. बाकी टेबलावर अजून व्हिस्कस क्लचच जास्त येतात, रॅकवर उभे ठेवलेले. आडवे ठेवले तर ऑइल गळतं.